चेहरा कोणाच्या नावावर

वकीलबाई दुपारी येणार होत्या. बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बसायला जागा पुरणार नाही, म्हणून वहिनी स्टुलं आणायला खाली गोदामात उतरली. वर घर, खाली कारखाना आणि मागच्या अंगाला गोदाम, अशी तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, केलेली रचना होती. कपड्यांच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे इथे तयार होत. रंग देऊन झालेले पुतळे गोदामात रांगेने उभे असत, सगळे बायकांचे, सगळे एकाच चेहऱ्याचे. कपाळ रुंद, हनुवटी जराशी वर, आणि ओठांवर हसू म्हणावं तर हसू, नाही म्हणावं तर नाही. दुकानदारांना हा चेहरा फार आवडायचा. शांत आहे, म्हणायचे.

लग्न होऊन आल्यापासून या चेहऱ्याचे डोळे वहिनीच रंगवत आली होती. किती रंगवले याची तिने कधी मोजदाद ठेवली नाही. एक गोष्ट मात्र ती न चुकता करायची: डोळे रंगवून झाले की वाळेपर्यंत पुतळ्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची. का, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. खरं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं.

स्टुलं कोपऱ्यात होती. ती उचलायला वहिनी वाकली आणि तिच्या मनात आलं, पुढच्या रांगेतल्या त्या एकीला कपडे कोणी घातले? निळा सदरा, खांद्याला पिशवी. गोदामात पुतळे उघडेच असतात. मिस्त्रींना विचारायला हवं असा विचार करत ती सरळ झाली, तेवढ्यात त्या पुतळ्याने मान वळवली.

"मामी ना तुम्ही?" तो म्हणाला.

वहिनीच्या हातातलं स्टूल निसटून पायावर आदळलं. त्या दुखण्यानेच ती भानावर आली. समोर नणंदेची लेक उभी होती. लहानपणी एकदा कोणाच्या तरी लग्नात पाहिलेली पोर, आता एकोणीस वर्षांची झाली होती. हुबेहूब तोच चेहरा. फरक इतकाच की या चेहऱ्यावरचे डोळे बघणाऱ्याकडे बघत होते.

"आई रस्त्यातच उभी आहे," मुलगी म्हणाली. "म्हणाली, तू आधी आत जाऊन ये. बघ तुला कसं वाटतं."

"कसं वाटतंय?"

मुलीने रांगांवरून नजर फिरवली. "कोणीतरी माझ्या आधीच येऊन बसल्यासारखं," ती म्हणाली.

वहिनी लंगडत बाहेर गेली. रस्त्याच्या पलीकडे ताई उभी होती. दादांची, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची, पाठची बहीण. लग्न करून गेली ती या दारात पुन्हा आलीच नव्हती. अण्णा गेले तेव्हाही ती परस्पर स्मशानात आली आणि तिथूनच परत गेली. पुढे हक्कसोडपत्र पाठवलं, त्यावर तिने मुकाट्याने सही करून दिली, आणि कारखाना दोघा भावांच्या नावावर झाला. त्यामुळे आजही ती मुकाट्याने सही करून जाईल, असं सगळे धरून चालले होते. वहिनीसुद्धा.

वहिनीला ती सही हवीच होती. दादांची छाती फायबरच्या धुळीने पार भरली होती. दोन जिने चढले की त्यांना धाप लागायची, आणि डॉक्टरांनी आता या धंद्यातून बाहेर पडाच, असं बजावलं होतं. धाकट्या भावाने खटपट करून गिऱ्हाईक आणलं होतं. मोठी कंपनी होती. कारखाना, साचे, कामगार, सगळं उचलायला तयार होती. वहिनीने तर पुढच्या घराचं स्वप्नही बघून ठेवलं होतं. लहान असलं तरी चालेल, पण त्यात माणसं सोडून कोणी उभं नको.

सगळं गाडं अडलं होतं एका कागदावर. कंपनीच्या वकिलाने विचारलं होतं, हा चेहरा कोणाचा? त्या व्यक्तीची लेखी संमती कुठे आहे? तशी संमती कधी घेतलीच नव्हती. घरातल्या मुलीचा चेहरा वापरायला कागद कशाला लागतो, असा तो काळ.

ताई वर आली. गोदामाच्या दारावरून जाताना तिने आत पाहिलं नाही. खोलीत दादा होते, धाकटा होता, आणि कामगारांच्या वतीने मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. दादांनी उठायचा प्रयत्न केला, पण खोकल्याने त्यांना परत खाली बसवलं. ताईने भावाकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याच्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची घेतली. चहा झाला, प्रवासाची चौकशी झाली. मग धाकट्याला राहवेना. त्याने कपाट उघडून मूळ साचा बाहेर काढला, फडक्यातून सोडवला आणि टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला.

साचा म्हणजे चेहऱ्याचा पोकळ खळगा. नाक आत गेलेलं, गाल आत गेलेले. पण खिडकीतून उजेड पडला की आत गेलेला चेहरा बाहेर आल्यासारखा दिसायचा, आणि माणूस जिकडे सरके तिकडे तो मान वळवायचा. नजरेचा खेळ आहे, अण्णा सांगायचे. मुलगी खुर्ची बदलून बघायला गेली. साचा तिच्या मागोमाग वळला. ती परत आपल्या जागी आली, साचाही परत आला. त्यानंतर खोलीत कोणी जागा बदलली नाही.

तेवढ्यात घरच्यांनी नेमलेल्या वकीलबाई आल्या. नाकावर चष्मा, हातात जाड फाइल, आणि ऐकणाऱ्याला कधी घाई न करणारा आवाज. त्यांनी आधी मिस्त्रींचा प्रश्न सोडवला. मालक बदलला तरी कामगारांची आजवरची नोकरी सलग धरली जाईल, तसं करारात लिहून घेतलंय, तोंडी शब्दावर काही ठेवलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रींनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग बाई ताईकडे वळल्या.

"मागे तुम्ही हक्कसोडपत्र दिलंय, ते मी वाचलं," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्ही कारखान्यातला हिस्सा सोडलाय. चेहरा सोडलेला नाही. तो अजून तुमचाच आहे."

"बरं झालं कोणीतरी सांगितलं," ताई म्हणाली.

धाकटा हसला. त्याला ती थट्टा वाटली. तो सांगू लागला की कंपनीला हा चेहरा नुसता पुतळ्यांवर नकोय, त्यांना तो पडद्यावर आणायचाय. दुकानात शिरलं की ती बोलेल, गिऱ्हाइकाला नावाने हाक मारेल. देशोदेशी जाईल. "तुझं काय जातंय, ताई? सही कर आणि मोकळी हो. इतकी वर्षं कुठे काय बिघडलं?"

ताई वहिनीशी बोलू लागली, जणू खोलीत त्या दोघीच होत्या. तिने सांगितलं, लग्नानंतर ती ज्या ज्या गावी राहिली तिथे पहिल्याच आठवड्यात कुठल्यातरी काचेमागे ती स्वतःला दिसलीच. सुरुवातीला ती रस्ता बदलायची. मग रस्ते संपले. लोक थांबून बघत, आपण कुठे भेटलोय का, असं विचारत. हळूहळू विचारेनासे झाले. तिचे केस पांढरे झाले, गाल उतरले. काचेमागची तशीच राहिली.

"एकदा हिला घेऊन कपडे आणायला गेले होते," लेकीकडे बोट दाखवत ती म्हणाली. "चार वर्षांची असेल. मी पैसे द्यायला गेले, वळून बघते तर पोरगी जागेवर नाही. शोधशोध शोधली. शेवटी सापडली ती त्या पुतळ्याचा हात धरून उभी. मी हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि वहिनी, ती तिचाच हात घट्ट धरून राहिली."

मुलगी खाली बघत होती. बहुधा तिला ते आठवत नसावं, किंवा आठवत असावं.

वहिनीला आपल्या बोटांत ब्रश असल्यासारखं वाटलं. तो हात तिने रंगवला असेल. ते डोळेही.

वकीलबाईंनी घसा साफ करून कागद वाचायला घेतला. भाषा किचकट होती, पण त्या वाक्यावाक्याला थांबून अर्थ सांगत होत्या. संमती कायमची. संमती मागे घेता येणार नाही. सही करणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरही चालू राहील आणि तिच्या वारसांवर बंधनकारक असेल. सदर चेहरा, अथवा त्याच्याशी मिळताजुळता अन्य कोणताही चेहरा, कंपनीखेरीज कोणालाही वापरता येणार नाही.

"ती ओळ परत वाचता का?" वहिनी म्हणाली.

धाकट्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. वहिनी आपल्याच बाजूची आहे, हे त्याने गृहीत धरलं होतं. वकीलबाईंनी ओळ परत वाचली.

"मिळताजुळता म्हणजे?" वहिनीने विचारलं. "ही समोर बसलीय. हिचं काय?"

बाईंनी चष्मा काढून मुलीकडे पाहिलं, मग साच्याकडे, मग पुन्हा मुलीकडे. हा कागद कंपनीने केलाय, मी फक्त तपासायला घेतलाय, असं म्हणून त्यांनी सांगितलं की अशी अट कोर्टात कितपत टिकेल ही शंकाच आहे, पण टिकते का ते बघायला आधी कोर्टात जावं लागेल. उद्या ही मुलगी कोणाच्या जाहिरातीत उभी राहिली, नाटक-सिनेमात गेली, तर कंपनी तिला नोटीस पाठवू शकेल. आणि हिला मुलगी झाली आणि तीही अशीच दिसली, तर तिलाही.

उन्हाचा पट्टा सरकून साच्यावर आला होता आणि तो चेहरा आता सरळ मुलीच्या दिशेने वळला होता. तिची खुर्ची तिथेच होती, ऊनच हललं होतं. सगळ्यांना ते कळत होतं. तरी मिस्त्रींनी उठून साच्यावर फडकं टाकलं.

"तुम्हाला ठाऊक आहे का वहिनी, हा चेहरा इतका शांत का आहे?" ताई म्हणाली.

"चिमणे, नको," दादा म्हणाले. त्या दिवसातले त्यांचे हे पहिले शब्द.

ताईने आवाज न चढवता सांगितलं. तेव्हा तीही एकोणीस वर्षांची होती. अण्णांनी तिला खालच्या लांब टेबलावर निजवलं, तोंडाला तेल चोपडलं, श्वासासाठी नाकात दोन नळ्या घातल्या आणि वरून प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. हात हलवून तिने चेहऱ्याला लावू नये म्हणून दादाने ते धरून ठेवले होते. मध्येच एक नळी बुजली. मग दुसरी. तोंड बंद, हात धरलेले. ती बोटांनी टेबल वाजवत राहिली. अण्णा म्हणाले, चुळबुळ करते आहे, जरा अजून. मग तिची बोटं थांबली.

"शेवटचं ऐकू आलं ते हे," ती म्हणाली. "'बघ, आता कशी छान निजली.' जागी झाले तेव्हा तोंडावर पाणी मारत होता दादा. अण्णा खिडकीपाशी उभे राहून साचा बघत होते. खूश होते."

वहिनीला आता कळलं, इतकी वर्षं ती त्या डोळ्यांची नजर सरळ करायला बघत होती आणि ती होत का नव्हती. तो झोपलेल्या मुलीचा चेहरा नव्हता. शुद्ध हरपलेल्या मुलीचा होता, आणि त्यावर ती रोज सकाळी डोळे उघडत होती.

"मला वाटलं तू झोपलीस," दादा म्हणाले. त्यांना पुढे बोलायचं होतं, पण श्वास पुरेना. ताई उठली नाही, पण पाण्याचा पेला तिने त्यांच्याकडे सरकवला.

धाकटा मात्र चिडला होता. झालं ते वाईट झालं, पण खाली आठ माणसं कामाला आहेत, दादाची छाती अशी, आणि कंपनी वर्षभर थांबणार नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. त्याचं काही खोटं नव्हतं. मिस्त्रीही मान खाली घालून होते. ताईने पेन हातात घेतलं आणि वकीलबाईंना विचारलं की ती एक ओळ खोडली तर बाकीचं चालेल का. ती सही करणार होती. वहिनीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सही करू नका, ताई."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका," धाकटा म्हणाला.

"मी मध्येच आहे, भाऊजी. लग्न झाल्यापासून," वहिनी म्हणाली. मग तिने वकीलबाईंना विचारलं, "कंपनीला हाच चेहरा हवाय, की कागद असलेला कोणताही चेहरा चालेल?"

बाई म्हणाल्या, विचारून बघायला हरकत नाही. धाकटा गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा आंबट होता. शरीराचे साचे, कारखाना आणि माणसं ते ठरल्याप्रमाणे घेतील. भाव पडेल. चेहरा नवा दिला तर बघतील, आवडला तर ठेवतील. पण संमतीचा कागद हवाच.

"मग माझा घ्या," वहिनी म्हणाली.

धाकटा नको ते बोलून गेला, की पन्नाशीच्या बाईचा चेहरा काचेत कोण लावतं. त्यावर मिस्त्री मान वर करून म्हणाले की कपडे घेणाऱ्या बायका पन्नाशीच्याही असतात.

"करायचंच असेल तर साचा मी घेईन," ताई म्हणाली. "पण आधी कागद, मग प्लास्टर."

वकीलबाईंनी तिथेच बसून मसुदा केला. चेहरा कशासाठी वापरायचा, कुठे वापरायचा नाही, आणि वहिनीने म्हटलं तर नवे पुतळे काढणं थांबवायचं, असं सगळं त्यात आलं. वहिनीने दोनदा वाचून सही केली. आपल्या चेहऱ्याला काही अटी असू शकतात, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच सुचत होतं.

खालच्या लांब टेबलावर ती आडवी झाली. ताईने तिच्या चेहऱ्याला तेल लावलं, नाकात नळ्या घातल्या, आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. धरून ठेवण्यासाठी नाही, नुसता तळव्यावर तळवा ठेवून. "बोट हलव, मी काढते," ती म्हणाली. "का म्हणून विचारणार नाही." दोघींमधलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

प्लास्टर आलं. आधी थंड, मग जड. मग कानही बुजले आणि कारखाना दूर गेला. काळोख डोळ्यांच्या बाहेर होता तसा आतही शिरला. ऊब वाढू लागली. वहिनीने स्वतःला सांगितलं की वर छत आहे, शेजारी ताई आहे, दाराशी मिस्त्री आहेत. मग टेबलाच्या लाकडातून, पाठीच्या कण्यातून वर आल्यासारखा, तिला आवाज आला. बोटांनी टेबल वाजवल्याचा. हलका, घाईघाईचा. तिचा डावा हात पोटावर होता. उजवा ताईच्या हातात. आवाज डोक्यापाशी होता. तो वाढत गेला, आणि अचानक थांबला.

वहिनीने बोट हलवलं.

पुढच्याच क्षणी उजेड आला. ताईने ओलं प्लास्टर दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं होतं. अर्धा गाल तिच्या मुठीत राहिला, बाकीचा जमिनीवर पडून फुटला. धाकटा कपाळाला हात लावून म्हणाला की आणखी थोडा वेळ कळ काढली असती तर झालंच होतं. ताईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वहिनीच्या डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसत होती.

"टेबल कोणी वाजवत होतं का?" वहिनीने विचारलं.

कोणी नव्हतं. सगळे टेबलापासून लांब उभे होते. दादा पायऱ्यांवर बसले होते आणि त्यांनी आपले दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

दुसऱ्या वेळी वहिनीने बोट हलवलं नाही. साचा पूर्ण निघाला. त्यातला चेहरा काही शांत नव्हता. भुवया जवळ आलेल्या, ओठ आवळलेले, कोणाचंतरी ऐकून घेत असलेला. मुलगी म्हणाली, ही विचारणार आहे काहीतरी. मिस्त्रींनी तो वाळायला ठेवला.

जुना साचा ताईच्या मालकीचा, असं वकीलबाईंनी वेगळं लिहून दिलं. दादांनी तो घोंगडीत गुंडाळून स्वतः खाली आणला. फोडणार का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, अजून ठरवलं नाही, आधी घरी नेऊन नीट बघते, तो तिने कधी धड पाहिलेलाच नाही. मग क्षणभर थांबून तिने दादांच्या हातावर हात ठेवला आणि लगेच उचलला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. फोन करत जा, इतकंच म्हणाली.

गोदामातले तयार पुतळे दुकानांत जाणार नव्हते. पण जे गेले ते गेले, विकलेला माल परत मागता येत नाही, हे वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वहिनी दोघींना बसपर्यंत सोडायला निघाली. वळणावरच्या कपड्यांच्या दुकानात दिवे लागले होते आणि दुकानातली बाई काचेमागच्या पुतळ्याचे कपडे बदलत होती. पुतळा उघडा होता, हात काढून बाजूला ठेवलेले. नेहमीसारखा शांत. ताई थांबली. मायलेकी काचेसमोर उभ्या राहिल्या आणि काचेत एकच चेहरा तीनदा उमटला.

आतल्या बाईने मान वर केली. तिच्या ओठांत धरलेल्या टाचण्या खाली सांडल्या. मुलीकडे, मग पुतळ्याकडे, मग ताईकडे बघत ती दारापर्यंत आली, पण उंबऱ्याच्या बाहेर तिने पाय टाकला नाही.

"घाबरू नका," ताई म्हणाली. "ती मी आहे."

काही हवंय का, असं त्या बाईने सवयीने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "कपडे बदलताना पडदा ओढत जा. रस्त्यावरून सगळे बघतात."

बाई धडपडत आत गेली आणि तिने पडदा ओढला. ताई बसच्या दिशेने चालू लागली. लेक तिच्याशेजारी होती, घोंगडीतलं ओझं दोघींच्या मध्ये. वहिनी मात्र तिथेच थांबली. पडद्यामागे कोणीतरी कोणाचे तरी हात बसवत होतं, त्याची सावली तिला दिसत होती. तिने पिशवीतून फोन काढला आणि वकीलबाईंचा नंबर लावला. तिच्या कागदात अजून एक ओळ घालायची राहिली होती, पडद्याची.